मोबाइलातल्या बैलाला आवतण

पोळ्याच्या आदल्या दिशी मी गोरेगावला गेलो, हिंगूळ आणाया. बैलाच्या शिंगाला लावायचा लाल रंग. जीपमदी मागं बसलो, गुडघा लांब करून. गुडघ्याचं आपरेशन झाल्यालं, म्हणून लोक मला जागा देतात. गुडघा कवाच बरा झालाय, पर तू सांगू नको कुणाला.

घरी एकच बैल राहिलाय, हौश्या. त्याचा जोडीदार गेला अन् पोरानं ट्रॅक्टर घेतलं. हौश्याला आता काम न्हाई. खातो अन् माझ्याकडं बघतो. गावातले म्हणतात, तातेराव, म्हातारं जनावर काहून पोसून राहिला? मी म्हणतो, मला काहून पोसून राहिले ते बी इचारा आमच्या घरी.

आपरेशनच्या वक्ताला पडून पडून जीव इटला, तवा लेकीनं, मंजुषानं, मोबाइलात एक खेळ घालून देला. त्यात सगळं चौकोनी. झाड चौकोनी, ढग चौकोनी, जनावर बी डब्ब्याला डब्बा लावल्यावानी. लोक त्यात घरं बांधतात, खाणी खणतात, अंधार पडला की भुतं निघतात ती मारतात. मी त्यात एक बैल पाळला.

"आबा, लई गरीब जनावर हाय ते," मंजुषा म्हणली. "मारलं तरी उलटून मारत न्हाई. हातात गहू धरला की मागं येतं, एवढंच."

तीन महिने मी गहू धरून त्याला फिरवला.

तर त्या सांजंला हौश्याची खांदमळणी केली. खांद्याला हळद-लोणी चोळलं अन् कानात म्हणलो, आज आवतण घ्या, उद्या जेवाया या. आपली रीतच हाय ती. बोटाला हळद उरली. खिशात मोबाइल. खोडी काय सुटत न्हाई माझी. काचेवर त्या चौकोनी बैलाच्या खांद्यावरून बोट फिरवलं अन् त्याला बी आवतण देलं.

माझी बायको नर्मदा दारात उभी होती. "अवो, आवतण थट्टेत देऊ न्हाई."

"येतंय कुठलं. पत्ता हाय का त्याच्याजवळ?"

"आवतणाला पत्ता लागतो व्हय," म्हणली अन् आत गेली.

माझं आवतण गावात कोणी खरं धरत न्हाई. व्यंकटरावाला एकदा खोट्या बारशाला कनेरगाव नाक्यावर धाडला होता. बिचारा ढाब्यावर जेवून आला. खरं धरणारा हाच पहिला निघाला.

पोळ्याच्या दिशी भर दुपार. घरभर पुरणाचा वास. हौश्याला धुऊन, शिंगं रंगवून दावणीला बांधला होता. मी निवदाचं ताट घेऊन गोठ्याकडं निघालो. गोठ्यातून घुंगराचा आवाज न्हाई. रवंथाचा न्हाई. अन् वास... शेणाचा, कडब्याचा, कसलाच वास न्हाई. काच हुंगावी तसं.

आत गेलो. दावणीला त्यो उभा होता.

डोकं डब्ब्यावानी. पाय म्हणजे चार खुंट. खांद्यावर बोटाएवढा पिवळा पट्टा, माझ्याच बोटाचा. अन् गळ्यात हौश्याचं दावं. गाठ मी मारल्याली, तशीच.

माझ्या हातातलं ताट पडलं न्हाई, एवढं ध्यानात ठेव.

त्यो काय करीना. मारीना, हंबरीना. नुसता माझ्याकडं बघून राहिला. मी डावीकडं सरकलो, त्याचं डोकं डावीकडं. उजवीकडं सरकलो, उजवीकडं. पाय हलत नव्हते.

"हौश्या कुठं हाय..." मी हळूच म्हणलो.

खिशातला मोबाइल थरथरला. काढून बघतो तर चौकोनी गवतावर हौश्या उभा. बरगड्या निघाल्याला, गोल पोटाचा, शिंगाला ओला हिंगूळ. अन् मागं दिवस बुडून राहिला. त्या खेळातला दिवस धा मिन्टाचा. मग अंधार, अन् मग ती भुतं.

नर्मदा मागून आली. बघितलं अन् पदर तोंडाला लावला. "अवो... माफी मागा त्याची."

"काहून मागू? बोलावला, आला. जेवंल, जाईल."

ताट पुढं सरकवलं. त्यानं तोंड लावलं न्हाई.

"त्याला पुरण नको..." नर्मदा म्हणली. "त्याला जागा पायजे."

भ्यालो. खोटं कशाला बोलू. पर राग त्याच्यावर चढला.

"हे बघ पाव्हण्या," मी म्हणलो. "थट्टा केली मी. न्यायचं तर मला ने, अन् नेऊन दाखव. हौश्यानं अठरा वर्षं खांदा घासलाय ह्या घरासाठी. तू काय वढलंस? ही दावण त्याची हाय."

त्यो बघतच राहिला.

"नर्मदे, गहू आण मूठभर."

तिनं गहू आणले, मोबाइलाच्या काचेला ओंजळ लावली. "ये हौश्या... ये माझ्या राजा..." मी खेळात हातात गहू घेतला अन् काच त्या पाव्हण्याच्या तोंडापुढं धरली. काचेत दिवस टेकला. पाव्हणा पुढं आला, एक डब्बा, अजून एक. काच बरफावानी गार पडली. मी हात काढला न्हाई. बोटं बधिर झाली तरी काढला न्हाई.

काचेत अंधार पडला.

मग शेणाचा वास आला. नर्मदेच्या ओंजळीत कोणीतरी खरखरीत जीभ फिरवली अन् ती रडाया लागली. दावणीला हौश्या उभा होता.

त्या सांजंला मी त्याला तोरणाखालून नेला, सगळ्याच्या म्होरं, ताठ मानेनं.

आता महिना झाला. नर्मदा म्हणती, इकून टाका. मी न्हाई इकत. त्याच्यासाठी भांडलोय, माझ्या दावणीला हाय, माझा हाय. खातो, हंबरतो, हाक मारली की कान हलवतो. सगळं बराबर. फकस्त... ह्या दिवसात गोठ्यात माशा किती असतात, तुला ठाऊक हाय. त्याच्या अंगावर एक बसत न्हाई. तरी त्यो शेपूट मारत राहतो. एकदा इकडून, एकदा तिकडून. मी मोजून बघितलं, मदला वक्त कवाच कमी-जास्ती होत न्हाई.