चौकटीमागे दुमडलेला माणूस

शेगडी जरा इकडे ओढ श्रेयस. आणि मैथिली, तो मोबाईल पालथा ठेव बाई, डोळ्यांत उजेड येतो. भुतंखेतं मानू नका, माझं काही म्हणणं नाही. मी फौजेत उभा जन्म काढला, मीही मानत नव्हतो. पण ज्याच्यावर हे गुदरलं तो सतीश आमच्या कराडचा. याच गच्चीवर बसून त्यानं मला सांगितलं, आणि सांगताना रडला. आता तो मला कशाला थापा मारेल?

सतीश आणि रणजित शाळेत एका बाकावरचे. रणजित आधी जयपूरला आला, मग त्यानं सतीशला बोलावून घेतलं. मुरलीपुऱ्यात कॅनव्हासवर चित्रं छापायचा कारखाना आहे, तिथं दोघं कामाला लागले. रणजितची खोली कारखान्यामागेच, सतीश राहायचा वैशाली नगरात. रणजितला बोलण्याची हातोटी. गिऱ्हाईक आलं की हा मध आणि सतीश मुका. पण हातात कला होती ती सतीशच्या.

त्याला जुन्या फोटोंचं वेड. इंग्रजांच्या काळातली एक मोठी आगबोट खडकावर चढून फुटली होती, तिचे फोटो त्याला मिळाले. नाव तुम्ही ऐकलं असेल, मी रात्री घेत नाही. एका फोटोत कलंडलेली बोट, एकात दोर सोडलेले, एकात होडीतली माणसं पाण्यातल्यांना ओढून घेतायत, आणि शेवटच्यात किनाऱ्यावर कांबळी पांघरून बसलेली माणसं. डाग पडलेले, ओरखडे आलेले फोटो. सतीशनं दोन हिवाळे रोज संध्याकाळी बसून ते साफ केले. एकेक चेहरा डागाखालून वर काढला. ठरलं असं होतं, की हा संच कुठल्यातरी बड्या घरी लागला की त्याच्या जोरावर दोघांचं स्वतःचं दुकान काढायचं.

रणजित ते घेऊन जवाहर नगरच्या एका सेठकडे गेला आणि तोंड पाडून परत आला. म्हणाला, "सत्या, नाही आवडलं रे त्यांना. बुडणारी बोट घरात कोण टांगतं?" सतीशनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? रणजितचा शब्द होता.

मग आली गेल्या वर्षीची भोगी. संक्रांतीची आदली रात्र. दिवसभर पोरांनी पतंग उडवून आभाळ भरून टाकलेलं, आणि रात्री असं धुकं उतरलं की समोरचा खांब दिसेना. सतीश भाकरी आणि भोगीची भाजी खाऊन बसला होता. फोन वाजला. रणजितचं नाव.

"सत्या, जवाहर नगरला ये. सेठच्या बंगल्यात एक चित्र वाकडं झालंय. सरळ करून जा."

"कुठलं चित्र? आणि तुझा आवाज असा का?"

"सर्दी झालीय. घसा भरलाय. ये तू."

सतीश स्कूटर काढून गेला. दोस्तानं सांगितलं, गेला. बंगल्यात सेठ नव्हता, पहाऱ्याला द्वारका नावाचा म्हातारा. त्यानं फाटक उघडलं. "रणजितजी के यहाँ से आए हो भैया? जाओ, ऊपर सीढ़ी पे लगी हैं सब।"

सतीशनं जिन्यातला दिवा लावला. आणि भिंतीवर त्याची बोट उभी होती. पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत. सगळा संच.

खालून द्वारका कौतुकानं सांगत होता, "अकेले बनाई हैं रणजितजी ने। दो साल लगे बेचारे को। कल सेठजी उनको दुकान खुलवा रहे हैं।"

सतीश पायरीवर बसला. मला म्हणाला, "काका, कुणी काठीनं मारलं असतं तरी चाललं असतं."

बराच वेळ गेला. मग त्याला आठवलं, आपण कशाला आलोय. होडीचं चित्र खरंच वाकडं होतं. उठला. सरळ केलं. दोन पायऱ्या उतरला, वळून बघितलं.

वाकडं.

पुन्हा सरळ केलं. हात काढला आणि डोळ्यांदेखत ते हळूच एका बाजूला कललं. उजवीकडे. कुणी लोंबकळल्यासारखं.

त्यानं ते खाली उतरवलं आणि कडेनं पाहिलं. तिथं त्याला कळलं. बघा, कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणतात तेव्हा चारी बाजूंनी कडा मागे दुमडून पिना मारतात. म्हणून छापतानाच कडेला जास्तीचं पाणी, जास्तीचं आभाळ सोडायचं असतं. सतीश हे कधी चुकत नसे. पण रणजितनं चोरून, घाईत छापलेलं. कड सोडलीच नव्हती. त्यामुळं उजव्या टोकाला पाण्यात होता तो माणूस, होडीचा दोर धरलेला, तो सगळाच्या सगळा मागे दुमडला गेला होता. समोरून बघणाऱ्याला दोर दिसे, माणूस नाही. आणि पिना बरोबर त्याच्या हातातून गेलेल्या.

त्या माणसाचा चेहरा सतीशनं किती संध्याकाळी बसून साफ केला होता. त्याला भडभडून आलं. म्हणाला, तुलाही मागे टाकलं का रे त्यानं?

त्यानं खिशातला पेचकस काढला आणि एकेक पीन उपसली.

शेवटची पीन निघाली. कॅनव्हास उलगडला.

दिवा गेला.

हाताखालचं कापड गार लागलं. मग ओलं. मग... बोटांत बोटं आली. सतीशनं हात झटकला नाही. वेडं पोर. बुडणाऱ्याचा हात, म्हणून त्यानं ओढला. जड होतं. फार जड. आणि मग एकदम हलकं.

जिन्यावरून कुणीतरी खाली गेलं. अनवाणी. सावकाश.

दिवा आला. चित्रात होडी होती. दोर होता. टोकाला नुसतं पाणी.

सतीश धावत खाली आला. द्वारका कांबळं सावरत म्हणाला, "आपका साथी तो निकल गया भैया। पूरा भीगा हुआ था। रणजितजी का घर पूछ रहा था।"

"मग?"

"मैंने बता दिया।"

सतीश एकटाच आला होता...

इतकं झाल्यावरही त्या पोरानं काय केलं असेल? रणजितला फोन लावला.

"रणजित, दार उघडू नको."

पलीकडून हलक्या आवाजात, "सत्या, मी सांगणार होतो तुला. आईशप्पथ."

"ते मरू दे. दार उघडू नको."

"असं काय बोलतोस? तूच तर बाहेरून हाका मारतोयस."

"तो मी नाही."

"तुझाच आवाज आहे. सर्दी झालीय का तुला?"

कडी सरकल्याचा आवाज आला.

मग काही नाही.

काहीच नाही...

सतीश पोचला तेव्हा दार सताड उघडं. आत दिवा चालू, अंथरूण घातलेलं, फोन उशाशी, कॉल तसाच सुरू. रणजित नव्हता. पोलिसांनी शोधला, घरच्यांनी शोधला. आजतागायत नाही.

सतीशला मी म्हटलं, बाबा, त्यानं तुला फसवलं, तू का जिवाला लावून घेतोस? तर म्हणाला, "काका, रणजितला मी दोन शिव्या देऊन माफ केलं असतं. पण ज्याला मी ओढून वर काढलं, त्यानं मला रणजितच्या आवाजात बोलावलं आणि रणजितला माझ्या."

त्या खोलीत नंतर कुणी भाडेकरू टिकला नाही. मी स्वतः जाऊन बघून आलोय. दारापासून अंथरुणाच्या जागेपर्यंत फरशीवर पांढरी पावलं उमटलीत. मीठ आहे. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. घरमालक म्हणतो, लोणा आहे, ओलीनं फरशीतून फुटणारा खार, इकडच्या घरांना धरतोच. त्यानं दोनदा धुवून काढलं, मग फरशीच बदलली. पावलं परत आली. आत जाणारी आहेत सगळी. बाहेर येणारं एकही नाही.