शरभाच्या आत

गिरणी बंद पडल्यावर गुणाजीला अंधेरीच्या एका स्टुडिओत काम मिळालं. मुलांचा सिनेमा होता. राक्षसाच्या गुहेत सापडलेल्या बहीणभावाला शरभ सोडवतो अशी गोष्ट. किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला असतो ना, सिंहाच्या अंगाचा आणि पंखांचा, तोच शरभ. रबर, स्पंज आणि काथ्याची आयाळ लावलेल्या पोशाखात शिरून गुणाजीनं चालायचं, मान हलवायची.

शेवंतीला संशय आला तो नवऱ्याच्या सदऱ्यामुळे. मे महिना, वर दिवे, अंगावर रबर. माणूस घामानं निथळत यायला हवा. हा मात्र सकाळचा सदरा तसाच कोरडा घेऊन जोगेश्वरीच्या खोलीत परतायचा. कामाचं विचारलं की म्हणायचा, चाललंय. शेजारच्या शांताबाईनं "असेल कुठेतरी एखादी" असं सुचवलं.

एका दुपारी डब्याचं निमित्त करून ती थेट स्टुडिओत गेली. तिथली व्यवस्था बघणाऱ्या श्यामकांतनं तिला कौतुकानं आत नेलं. कापडी झाडांमधून शरभ येत होता आणि सिनेमातली बहीण, उत्तरा नावाची लहानगी पोर, त्याच्या गळ्यात पडली होती. श्यामकांत कुजबुजला की असा माणूस शोधून सापडायचा नाही, दिवसभर आत असतो, पाणीसुद्धा मागत नाही.

शेवंतीचा जीव भांड्यात पडला. मग तिचं लक्ष चालीकडे गेलं. गिरणीतल्या अपघातापासून गुणाजी डावा पाय ओढायचा.

शरभ ओढत नव्हता.

पाणी प्यायला म्हणून ती मागे गेली. जुन्या पडद्यांच्या ढिगाआड गुणाजी बसला होता, कोरड्या सदऱ्यात. तिला पाहताच त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल गो. पहिल्या दिवशी पोशाख घालायला गेलो, तर तो आधीच भरलेला होता. चेन आतून ओढलेली."

"कोण आहे आत?"

"विचारून बघितलं. मग विचारायचं सोडलं."

काम जाईल म्हणून तो गप्प राहिला होता. शेवंतीनं त्याचा दंड धरून त्याला मागच्या दाराकडे ओढलं आणि बजावलं, उपास घडले तरी चालतील, इथे पुन्हा पाऊल टाकायचं नाही. दारातून तिनं वळून पाहिलं. शॉट संपून सगळे चहाला गेले होते. शरभ एकटाच उभा होता, तोंड त्यांच्याकडे करून.

दुसऱ्या दिवशी गुणाजी घरीच राहिला. स्टोव्ह दुरुस्त केला, दुपारी झोपला. संध्याकाळी श्यामकांत दारात उभा राहिला, तेव्हा बोलणी बसणार असं दोघांनाही वाटलं. पण तो हसत होता.

"उत्तराची आई खाली टॅक्सीत बसलीय. पोरीला हाक मार, गुणाजी."

गुणाजी जागचा हलला नाही. कोणती पोर, असं शेवंतीनंच विचारलं.

"वहिनी, दुपारी हाच तर घेऊन निघाला तिला."

"हे आज उंबऱ्याबाहेर गेलेले नाहीत."

श्यामकांतनं खोलीभर नजर फिरवली. एकच खोली होती.

"मी स्वतः गेटापर्यंत सोडलं," तो सावकाश म्हणाला. "पोशाख न काढताच चालला होता. पोरीनं आयाळ धरलेली. आम्ही सगळे हसलो."

मग त्याचा आवाज एकदम खाली गेला.

"पोरगीच सांगत होती, तो मला त्याच्या घरी नेतोय."