बेटावरच्या छपराची बेगमी

चेन्नईला हिवाळा नसतो असं म्हणणाऱ्याने ऑक्टोबरअखेर पुलिकतच्या खाऱ्या सरोवरापलीकडे एकदा मुक्काम करून पाहावा. थंडी पडत नाही, हे खरं. पण ईशान्येचा वारा समुद्रावरून सुटला की तो माणसाकडे स्वेटर मागत नाही, घराचं छप्परच मागतो! दोन हजार सहा साली असंच एक छप्पर वाऱ्याच्या तोंडून वाचवायला तिघेजण एका रविवारी उजाडता उजाडता चेन्नईहून निघाले.

छप्पर गुरुमूर्ती मामांचं. मामा तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले, मैलापूरच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. सरोवर आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचा एक अरुंद, ओसाड पट्टा आहे, बेटच म्हणा ना. त्यावरच्या एका उंचवट्यावर ताडाचे खांब रोवून आणि वर पत्रे टाकून त्यांनी झोपडी उभारली होती. दर हिवाळ्यात तिथे राहून ते उत्तरेकडून येणारे पक्षी पाहत. एकदा पाऊस लागला की होडीचा भरवसा नाही. म्हणून त्याआधीच तांदूळ, रॉकेल, दोर, हत्यारं अशी सगळी बेगमी करून ठेवायची आणि छपराची डागडुजी उरकायची, हा त्यांचा शिरस्ता.

यंदा मात्र गोष्ट जरा गंभीर होती. मामांचे गुडघे बोलू लागले होते, आणि त्यांच्याहून जास्त बोलत होत्या त्यांच्या पत्नी त्रिपुरसुंदरी मामी. शेवटी नवराबायकोत करार झाला. यंदाच्या वादळात छप्पर टिकलं तर हिवाळा मामांचा. उडालं तर पुन्हा बांधायचं नाही, पक्षी मैलापूरच्या गच्चीवरून पाहायचे. मैलापूरच्या गच्चीवर कावळ्यांखेरीज कोणी फिरकत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मामांच्या मदतीला होते अनय आणि रुचिरा. गणपतीच्या कार्यक्रमात मामांशी ओळख झाली आणि दोघेही त्यांच्या पक्ष्यांच्या नादी लागले. रुचिरा पुण्याची. नुंगंबाक्कमच्या एका संगणक कंपनीत नोकरी करायची, आणि त्याआधी सह्याद्रीतले कडे दोराने चढून आई-वडिलांचा जीव टांगणीला लावायची. अनय कोल्हापूरचा, मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर, वेस्ट मांबलमला भाड्याच्या खोलीत राहणारा. सामान आणण्याचं काम त्याने आपण होऊन अंगावर घेतलं होतं. "नट-बोल्ट हेच माझं पोट आहे, मामा. तुम्ही निर्धास्त राहा," असं तो छाती काढून म्हणाला होता.

तो ब्रॉडवेच्या हार्डवेअर गल्लीत उभा असताना मामांचा फोन आला होता. भोवती हातगाड्यांचा खडखडाट, रिक्षांचे भोंगे.

"ऐक, तंबी. काथ्याचा दोर घे, पुष्कळ. पोती, सुतळी, ताडपत्री, पक्कड आणी चांगली पाहून घे. गंजणारी नको. तिकडं खारं वारं आहे, सरि?"

"सरि, मामा!" म्हणत अनयने फोन ठेवला आणि साऱ्या गल्लीत हिंडून न गंजणारी, अस्सल पोलादाची पक्कड मिळवली. खिळ्यांचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. पण मामांनी सांगितले नाहीत, म्हणजे बेटावर असणारच, असं तो धरून चालला.

पुलिकतच्या धक्क्यावर मुनुसामी नावाच्या नावाड्याची होडी तयार होती. पाणी आरशासारखं पसरलेलं, दूरवर मासे पकडायच्या काठ्यांच्या रांगा, आणि आभाळात एकही ढग नाही. मामा होडीच्या टोकाशी डोळ्यांवर हात धरून बसले होते, आणि त्यांना पाहून अनयला वाटलं, या माणसाला गच्चीवर बसवणं म्हणजे माशाला बादलीत ठेवणं.

अर्ध्या वाटेत होडी गाळात रुतली. तिघे उतरले ते थेट मांडीपर्यंत चिखलात! रुचिराची एक चप्पल सरोवराने कायमची ठेवून घेतली. ढकलून ढकलून होडी सुटली, तर पुढे समुद्राच्या तोंडाशी ओहोटीची ओढ तिला बाजूला फरफटत नेऊ लागली. मुनुसामीने इंजिनाची दोरी ओढली. इंजिन खोकलं, बंद पडलं. पुन्हा ओढली. पुन्हा बंद! होडी गरगर फिरली आणि लाटांच्या पांढऱ्या रेघेकडे निघाली. रुचिराने बांबू उचलून तळाशी रोवला, अनयने तिच्या कमरेला मिठी मारली, आणि दोघांनी मिळून होडी धरून ठेवली तोवर इंजिनाला जाग आली. बेटाला लागेपर्यंत रुचिराने बांबू हातातून सोडला नाही.

सामान उतरवून मुनुसामी "संध्याकाळी येतो" म्हणत परतला.

झोपडी उभी होती, पण खाऱ्या वाऱ्याने खिळे पार खाल्ले होते. अनय शिडी लावून वर चढला. नवी पक्कड हातात, मग काय विचारता! समुद्राकडच्या बाजूचे गंजके खिळे त्याने एकामागून एक उपटून काढले. काहींचं नुसतं पीठ झालं. पक्कड खरोखर चांगली होती. एकही खिळा शिल्लक राहिला नाही तेव्हा त्याने खाली हात केला.

"मामा, नवे खिळे द्या."

"आणी तूच आणल्यास की," मामा खालून म्हणाले.

"काय आणल्या?"

"आणी."

"हो, पण आणि काय?"

"आणी, तंबी, आणी! फोनवर सांगितलों नव्हे? चांगली पाहून घे, गंजणारी नको."

"ती पक्कड ना? ही काय, घेतली की."

खाली पोती उपसणारी रुचिरा थांबली. तिच्या शेजारच्या अलमेलू आजी तिला रोज थोडं थोडं तमिळ शिकवायच्या. तिने कपाळाला हात लावला. "अनय, तमिळमध्ये खिळ्याला आणी म्हणतात."

"आमच्या घरीं पण आणीच म्हणतात," मामा हळूच म्हणाले. "मराठींत वेगळं आहे, हें लक्षांतच राहिलं नाहीं मज."

अनय भराभर शिडी उतरला. डबे धुंडाळले, पेटी उलटी केली. एकसुद्धा खिळा नव्हता! अख्खी एक बाजू त्याने स्वतःच्या हाताने मोकळी करून ठेवली होती. नट-बोल्टवर पोट भरणाऱ्या त्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि त्याच वेळी पुढचा पत्रा खडखडला.

समुद्रावर एक काळी पट्टी उभी राहिली होती. कुरव पक्ष्यांचा थवा पाण्याला चाटून जमिनीकडे पळत होता. मामांनी वारा हुंगला. "काट्रु फिरला. दोन दिवसांनी येणार होता, आजच आला. मुनुसामी येणार नाहीं आतां. येऊंच नये त्यानं."

आता प्रश्न नुसता मामांच्या हिवाळ्याचा राहिला नव्हता. त्या उघड्या वाळूवर आसरा असा तेवढाच एक होता, आणि वाऱ्यात सुटलेला पत्रा कुऱ्हाडीसारखा माणूस कापतो.

मामा झोपडीजवळच्या एका जुन्या ओंडक्यावर बसले. "त्रिपुरसुंदरी जिंकली," ते म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न करू लागले. तो प्रयत्न अनयला बघवला नाही. त्याने मान खाली घातली. त्यामुळेच त्याची नजर ओंडक्यावर गेली. एक नव्हे, चार ओंडके होते ते, कडेने तासलेले, काथ्याच्या कुजत आलेल्या दोराने एकमेकांना बांधलेले.

"मामा, ही होडी आहे ना?"

"कट्टुमरम्. कोणी कोळी सोडून गेला."

"समुद्रात जाते ही? लाटांवर?"

"जाते की."

"मग हिच्यात खिळा कुठाय?"

मामांनी खाली पाहिलं. मग अनयकडे पाहिलं. "नाहीं," ते सावकाश म्हणाले. "कट्टु म्हणजे बांधणं. मरम् म्हणजे लाकूड. खिळा खिळखिळा होतो, मोडतो. दोर लाटेबरोबर वाकतो." आणि गुडघे विसरून ते ताडकन उठले. "बांधूया, तंबी! छप्पर बांधूया!"

मग काय धांदल उडाली! ओंडके सोडवले. झोपडीच्या दोन्ही अंगांना कमरेइतके चर खणून त्यांत ते आडवे पुरले. रुचिराने दोर अंगाला गुंडाळला आणि माकडासारखी छपरावर चढली. ताडपत्री पसरली, तिच्यावरून दोर टाकला, पलीकडे ओंडक्याला अडकवला, परत आणला. एकावर एक फुल्या पडत गेल्या. तिच्या गाठी सह्याद्रीतल्या होत्या, ओढाल तितक्या घट्ट बसणाऱ्या.

"दोर आधीं भिजवा!" मामा ओरडले. "काथ्या भिजला की आखडतो."

हातोड्यांना आता दुसरं काम नव्हतं. अनयने त्यांचे दांडे दोरांत घातले आणि पीळ देत देत दोर ताणले. ओले शेवट हातातून निसटायचे, ते पकडून ओढायला पक्कड मात्र कामी आली. पोत्यांत वाळू भरून ती कडेने रचली. शेवटचं पोतं ठेवलं आणि पाऊस आला.

पाऊस कसला, आडवा मारा! तिघे आत घुसले. दार म्हणून टांगलेला तट्ट्या क्षणात गेला, कुठे गेला ते कळलंही नाही. वारा आधी शिट्टी वाजवत होता, मग घुमू लागला. खांब कुरकुरले. पत्रा उचलला! दोराने त्याला खाली आपटलं. पुन्हा उचलला. पुन्हा खाली! काठावरचं एक पोतं फुटलं आणि वाळू सगळी उडून गेली. ईशान्येच्या कोपऱ्यातला पीळ सुटत चालला होता. हातोड्याचा दांडा उलटा फिरत होता.

"अनय, कोपरा!"

तो बाहेर धावला. वाऱ्याने त्याला आडवा पाडला. तो रांगला. डोळ्यांत वाळू, तोंडात वाळू. दांडा हाती लागला. त्याने तो छातीशी धरला, एक पीळ दिला, दुसरा दिला, आणि त्याच्यावर पोटाने पालथा पडून राहिला. तळहात सोलले गेले होते. थोड्या वेळाने आणखी कोणीतरी शेजारी येऊन पडलं. मामा होते ते.

"तुम्ही आत जा!" अनय ओरडला.

"छप्पर माझं आहे," मामा त्याच्या कानात म्हणाले.

मग रुचिराही आली. तिने दोराचा एक तुकडा आणला होता. त्याने तिने आधी दांडा खांबाला आवळला आणि मग या दोन्ही पुरुषांना कॉलर धरून आत ओढून नेलं.

वाऱ्याचा जोर कधी ओसरला ते त्यांना समजलं नाही, कारण तिघेही बसल्या बसल्या झोपी गेले होते. जाग आली ती उन्हाने. अनयने पहिल्यांदा वर पाहिलं. वर पत्रे होते. सगळे. ताडपत्रीच्या चिंध्या झाल्या होत्या, एक खांब चांगलाच कलला होता, पण काथ्याचे दोर भिजून अंगठ्याने दाबवणार नाहीत इतके ताठ झाले होते. त्याचे डोळे भरून आले. रुचिराच्या लक्षात आलं, पण तिने चक्क दुसरीकडे पाहिलं, आणि ते तिने बरं केलं.

मुनुसामीची होडी आली तेव्हा तो लांबूनच हात हलवत होता. तीन माणसं धड उभी पाहून त्याने इंजिन बंद करून आधी देवाला हात जोडले. मग मामींचा निरोप सांगितला. त्यांनी धक्क्यावरच्या चहाच्या दुकानात सारखे फोन करून सगळ्यांना भंडावून सोडलं होतं. सगळ्यांना ताबडतोब घरी आणा, असा हुकूम होता.

अनय आणि रुचिरा होडीत चढले. मामा वाळूवरच उभे राहिले.

"या ना, मामा," रुचिरा म्हणाली. "मामी वाट पाहताहेत."

"तिला सांग, रुचिरा-मा, गुरुमूर्ती सुखरूप आहे. तांदूळ आहेत, रॉकेल आहे."

"आणि काय सांगू?"

मामांनी झोपडीकडे पाहिलं, मग सरोवराकडे. उथळ पाण्यात लांबच लांब पायांचे गुलाबी पक्षी उतरू लागले होते, एकेक करत, जणू घाई कसलीच नाही.

"सांग की छप्पर आहे," ते म्हणाले. "हिवाळा माझा."

आणि होडीकडे पाठ फिरवून ते पाण्याच्या कडेला जाऊन बसले.