शेजारची पात

“काय वेचून राह्यला?” वर्षाराणीने वळून विचारले.

तिने नुकत्याच विळ्याने सोंगलेल्या सोयाबीनच्या ओळींतून एक अनोळखी तरुण ओणवा होऊन चालत होता. त्याने मूठ उघडून दाखवली. तीत गळालेल्या शेंगा होत्या.

“तुमच्या चुका,” तो म्हणाला.

तिला राग यायला हवा होता... आले ते हसू, आणि तेही लपवावे लागले.

हा ऋषिकेश, इथल्याच, मेडशीच्या जगदेवकाकांचा मुलगा; अनसिंगला मामाकडे वाढलेला. काकांचा पाय मोडल्यामुळे त्यांच्या जागी तो सावडीत आला होता. मजुरीवाचून, पाळीपाळीने एकमेकांच्या वावरात राबायचे आणि कोणी कोणाच्या हाताला नावे ठेवायची नाहीत, हा सावडीचा धर्म. ऋषिकेशने तो पहिल्याच दिवशी मोडला. सावडीतल्या खेमाचा विळा बोथट, सोजरबाईचे ढीग वाकडे, आणि प्रयागबाईंचे तर हातापेक्षा तोंडच अधिक चालते, असे तो सर्वांदेखत बोलला.

“याले उद्यापासून आणू नोको,” दुपारी भाकरी सोडताना प्रयागबाई म्हणाल्या. “आन त्याच्या वावरात आमी येत नाई.”

पाळ्या वर्षाराणी लावी, म्हणून निवाडा तिच्याकडे आला. जगदेवकाकांचे सोयाबीन कडकडीत वाळले होते. आणखी काही उन्हे लागली, की शेंगा तडकून दाणा मातीत जाणार होता. तिने ऋषिकेशला बांधावर गाठले.

“उद्या माह्या शेजारची पात धर, माह्या जोडीनं सोंगत चाल. ज्याची जी खोट दिसन ती मले सांग. मोठ्यानं नाई... मलेच.”

“मंग?”

“मंग मी सांगीन. माह्या तोंडून ऐकतात ते.”

“आन तुहीच खोट दिसली तं?”

“ते... अजूनच हळू सांग.”

दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या कानाशी पुटपुटू लागला, आणि ती त्या शब्दांचे काटे काढून ते पुढे पाठवू लागली. “खेमादादा, विळा द्या, हा चांगली धार लावते म्हणे.” “प्रयागमावशी, तुमची गोष्ट इतकी रंगली, का याचे हातच थांबून राह्यले.” मंडळी हसत, आणि हात भरभर चालत. ऋषिकेश चकित होऊन तिच्याकडे पाही. वर न पाहताही तिला ते कळे.

हळूहळू तक्रारी विरळ झाल्या. बाप खाटेवर, पीक उभे. त्या धास्तीने जीभ तिखट होते, हे एका सकाळी त्याने तिला सांगितले. आपली पात पुरी होताच ती त्याच्या पातीत शिरून सोंगू लागली.

जगदेवकाकांच्या वावरात सारे आले. सोंगणी उरकत आली, तशा प्रयागबाई म्हणाल्या, “आता सुधरला हा. उद्यापासून याले गड्यांच्या बाजूनं लाव, वर्षाराणी.”

तिचा विळा थबकला. हे तिनेच घडवून आणले होते. आता नाही म्हणायला कारण तरी कोणते काढावे?

“मावशी,” ऋषिकेश उभा राहिला. वर्षाराणीकडे न पाहता, सर्वांना ऐकू जाईल असे तो बोलला — “मले हिच्याच शेजारची पात पायजे. उद्या बी... आन सोंगणी सरल्यावर बी.”

विळे थांबले. खेमा उगाच खोकला.

“हे काय बोलून राह्यला हा?” प्रयागबाईंनी डोळे बारीक केले. “पोरी, तूच सांग बाई आमाले, तुह्या तोंडानं नीट करून.”

वर्षाराणीने घाम पुसण्याच्या निमित्ताने ओढणी चेहऱ्यावर धरली.

“नाई मावशी,” ती ओढणीआडूनच म्हणाली, “यातलं मी काहीच बदलत नाई. बराबर बोलला तो.”