शिवण बाहेरच्या बाजूला

ती त्या दुकानात शिरली ती काही शिवायला नव्हे, बसायला. पोस्टाच्या काउंटरवर दिवसभर शिक्के मारून तिचा उजवा खांदा पेटला होता, घर अजून तीन गल्ल्या लांब होतं आणि पायांनी साफ नकार दिला होता. समोर शिंप्याचं दुकान दिसलं. आत गिऱ्हाइकांसाठी बाक होतं. उगाच कसं बसायचं, म्हणून तिने अंगातला स्वेटर काढून पुढे केला.

"मास्तर, एवढं लेबल काढून द्याल? मानेला टोचतं."

बोटाच्या पेराएवढं मऊ रेशमी लेबल. कुणीही हसलं असतं. शिंपी हसला नाही. एकेक टाका उसवत त्याने विचारलं, "आणखी कुठे कुठे टोचतं?"

दुखण्याच्या चार वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. डॉक्टर विचारत, कधीपासून. साहेब विचारत, अजून किती दिवस. वहिनीने तर विचारायचंही सोडलं होतं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि डॉक्टरांनी अंगभर दुखण्याच्या या आजाराचं नाव सांगितलं, तेव्हाच ती म्हणाली होती, "फायब्रोमायल्जिया? नाव मोठं, लक्षण खोटं." दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं नि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. तिच्याकडे आलेला हत्ती जायचं नावच घेत नव्हता. रात्रभर झोपूनही ती दमलेलीच उठायची, सकाळी बटणं लावायला बोटं वळायची नाहीत आणि शर्टाची साधी शिवण खांद्याला सुतळीसारखी काचायची.

"सगळीकडे," ती म्हणाली. आणि का कोण जाणे... तिला रडूच आलं.

आठ दिवसांनी त्याने तिला ऑफिसचा शर्ट शिवून दिला. माप घेतलं ते जुन्या शर्टावरून, तिला बोटही न लावता. सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला, वरून त्याच रंगाची पट्टी.

"हा उलटा आहे, मास्तर."

"जगाला उलटा. तुम्हाला सुलटा."

"लोक हसतील."

"हसू देत की, शिक्केवाली बाई. फारच हसला कुणी, तर मारा त्याच्या कपाळावर एक शिक्का."

"खांदा दुखतो माझा."

"मग मला बोलवा — मी मारतो."

ती हसली. बरगड्या दुखल्या, तरी हसली.

मग रोज सुटल्यावर ती त्या बाकावर अर्धा तास टेकू लागली. काही दिवशी मशीनचा आवाजही तिच्या डोक्यात घुमायचा. तिने काही सांगायच्या आत तो मशीन बंद करायचा आणि हाताने काज करत बसायचा. मान खाली, ओठांत दोरा. मधूनच नजर वर करून तिच्याकडे बघायचा आणि चोरी पकडली गेली की सुई शोधायला लागायचा — सुई तर हातातच असायची. तिचा त्याच्यावर जीव जडला होता. हे तिने स्वतःशी कबूल केलं त्या दिवशी ती घाबरलीही.

थंडी वाढली तसा त्याने तिच्यासाठी हलका कोट शिवला. तिने तो अंगात घातला. खांद्यावर थोडी घडी पडत होती. बारा वर्षांची सवय — त्याने दोन्ही तळव्यांनी तिचे खांदे चापून सारखे केले.

ती किंचाळली आणि मटकन खाली बसली.

"चुकलो... हात आपोआप..." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती कोटासकट तशीच निघून आली.

खांद्यांचं दुखणं दोन तासांत ओसरलं, पण पुढचे नऊ दिवस तिला अंथरुणातून उठवेना. ज्या हाताची तिला सगळ्यांत जास्त ओढ होती, तोच हात तिला सोसला नव्हता. "तुझ्याशी संसार कोण करणार?" असं वहिनी एकदा रागाच्या भरात म्हणाली होती. वहिनीचं खरंच होतं, तिला वाटलं.

दहाव्या दिवशी ती कोट पिशवीत घालून दुकानात गेली.

"हा परत घ्या. मी आता येणार नाही."

मशीन थांबलं. "कोट टोचला?"

"नाही टोचला. मास्तर, मी बरी होणार नाहीये. तुम्हाला माझी दया येते—"

"दया आली असती तर शर्टाची शिलाई घेतली नसती."

"चेष्टा नको. मला बटणं लावता येत नाहीत. कुणी मायेने जवळ घेतलं तरी मी ओरडते."

तो मशीनवरून उठला. मग म्हणाला, "गिऱ्हाइकाला आम्ही अंग बदलून आणा म्हणत नाही. कापड बदलतो. मला तुम्ही हव्या आहात. दुखणं बरोबर येणार, येऊ दे. फक्त कुठे, किती, ते रोज सांगायचं. मला अजून कळत नाही."

तो कधीतरी दमेल, चिडेल, हे तिला दिसत होतं. दुखणं तर उद्याही असणार होतं. तरी तिचे पाय दाराकडे वळेनात. ती बाकावर बसली.

पिशवीतला कोट काढून तो म्हणाला, "खांद्यात अर्धा इंच सैल आहे. माप न घेता शिवलं की असंच होतं."

"मग... घ्या माप."

त्याने गळ्यातली टेप काढली. टेपचं टोक तिच्या खांद्यावर ठेवलं, त्यावर एक बोट, मग हळूच तळवा.

"दुखतंय?"

"हो."

"काढू हात?"

तिने डोळे मिटले. "दुखतंय," ती म्हणाली. "पण राहू दे."