मायक्रोफोनमधले फुटाणे

चालू.

पेटीचा सूर. बाईचा खणखणीत आवाज. गाण्याची पहिली ओळ संपते न संपते तोच तड. तडतड. खर्र.

थांबा.

"पेटीबरोबरच्या सगळ्या टेपवर हेच आहे," साहेबराव म्हणाला. "आणि उद्या मला निघायचंय, प्रभाताई."

प्रभावती बोर्डे जालन्यातल्या वकिलांसाठी खासगी तपास करत. पळून गेलेली माणसं आणि पळवलेले बैल त्यांनी शोधून दिले होते. आवाजाचा चोर पहिलाच. त्यांची मैत्रीण शैला तळणीकर बँकेत होती. सुट्टीच्या दिवशी ती सोबत हिंडे आणि दर वेळी भलत्याच माणसाला गुन्हेगार ठरवी.

साहेबराव कुवेतला फिटर होता. सुट्टीवर येताना त्याने कॅसेट रेकॉर्डर आणि कंडेन्सर मायक्रोफोन आणला होता. बोटाएवढी नळी, टोकाला जाळी. जाळीमागे दोन पातळ चकत्या, त्यांच्यावर विजेचा अगदी किंचित भार; त्यामुळे मुंगी चालली तरी ऐकू येतं, असं तो ज्याला त्याला सांगे. वैशाख पौर्णिमेला कुवेतमधली मंडळी एकत्र जमणार होती. त्यांना आपल्या आईची, मालनबाईंची बुद्धगीतं ऐकवायची म्हणून हा सगळा खटाटोप.

"पण आई म्हणते, हे भिवाचं काम आहे. भिवा पेटीवर असला तर गाणार नाही. आत्ताच नाही, कधीच नाही."

भिवा हिवराळे लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीवर कामाला. मालनबाईंचं प्रत्येक गाणं त्याच्या पेटीवर बसलेलं. एक गाणं त्याने स्वतः रचलं होतं, तेही टेपवर घ्या म्हणाला होता. साहेबरावाने जागा नाही म्हणून सांगितलं. तडतड सुरू झाली ती त्यानंतर.

"मिळालं कारण," शैला म्हणाली. प्रभावतींनी चपला घातल्या.

चालू.

बाहेर तापलेल्या रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. मालनबाईंच्या घरात मात्र पाऊल ठेवताच जीव गार झाला. खोलीत वाळ्याचा वास होता. खिडकीखाली मालनबाईंची बसायची सतरंजी, आणि सतरंजीवर बरोबर तोंडासमोर येईल असा छताला टांगलेला मायक्रोफोन.

मालनबाईंनी पापडाचं ताट पुढे केलं आणि फिर्याद मांडली. सकाळी त्या एकट्या गायल्या होत्या, टेप एकदम साफ. दुपारी भिवा आला की तडतड. पाहुण्यांसमोर सांगायलाही लाज वाटते, म्हणाल्या, पण डोळ्यांनी बघितलेलं नाकारायचं कसं?

"कानांनी," प्रभावती म्हणाल्या.

"तेच ते."

शैलाने पापड मोडायला घेतला. तो मोडेना, वाकला. तिने तो गुपचूप ताटात परत ठेवला. मालनबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. "सकाळीच तळलेत बाई. तव्हा कसे कुरकुरीत होते."

दारात सायकल वाजली. भिवा मिलमधून थेट आला होता, तोंड भट्टीने लाल झालेलं. मालनबाईंनी त्याच्याकडे पाठ केली. तशाच उठल्या, खिडकीतल्या वाळ्याच्या पडद्यावर दोन तांबे पाणी मारलं आणि पुन्हा पाठ करून बसल्या.

प्रभावतींनी भिवाला विचारायचं ते विचारलं. त्याने माइकला कधी हातही लावला नव्हता.

"दोन्ही हात पेटीवर, माइकला काय नाकानं हलवू? आणि पेटीच नीट वाजून न्हाई राह्यली. हितं पट्टी दाबली की खालीच बसून राहती. घरी नेली की बराबर." "अक्का नुसती ऊठ म्हणाली असती तर उठलो असतो. पण खोडी केली म्हणून उठवती, तसा न्हाई उठणार."



माइक आधी तपासला होता तो रामकिसन रेडिओवाल्याने; त्याचं दुकान कोपऱ्यावरच होतं. रेकॉर्डिंगचं काम आपल्याला दिलं नाही म्हणून तो नाराज होता, आणि ते लपवतही नव्हता. तरी साहेबरावाच्या शब्दाखातर त्याने सेल बदलला, वायर बदलली, घरातला पंखा बंद करायला लावला. घरघर गेली, तडतड राहिली.

"मंग माइक हितं आणला," तो घाम पुसत म्हणाला. दुकान पत्र्याचं, आत भट्टीसारखी धग. "दिवसभर बोलत बसलो त्याच्यापुढं. एक खडखड न्हाई. माल चांगला हाय. माणसं तपासा."

बाहेर आल्यावर शैला हळूच म्हणाली, "हाच. माइक उघडून बघायची संधी फक्त याला मिळाली."

"मग दुकानात का नाही बिघडला?"

"तिथे कशाला बिघडवेल? आपल्याच दुकानात?"

प्रभावती हसल्या आणि पापड खाल्लास का म्हणून विचारू लागल्या. शैलाला वाटलं, आपली थट्टा चाललीय.

थांबा.

मालनबाईंच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली होती. प्रभावतींनी मायक्रोफोन आणि पेटी तिथे हलवली, दार लावलं आणि सगळ्यांना खाली चहा घ्यायला लावला. चहा झाल्यावर सगळ्यांना वर नेलं. भिवाने पेटी वाजवली, साहेबरावाने टेप भरली.

साफ. पेटीचा भातासुद्धा ऐकू येत होता.

"समद्यांनी डोळे लावले म्हणून आज नीट वाजवली," मालनबाई म्हणाल्या. पण आवाजात पहिला जोर नव्हता.

"बरं. आता भिवा वरच बसेल. माइक खाली टांगा. तुम्ही एकट्या गा."

मालनबाई सतरंजीवर बसल्या. वाळ्याच्या पडद्यातून गार झुळूक आली. एक गाणं साफ गेलं. दुसरं अर्ध्यावर आलं आणि तड. तडतड. खर्र.

मालनबाई गायच्या थांबल्या. वर, छतावर, भिवाच्या पावलांचा आवाज येत होता.

मागे.

"रामकिसनचं दुकान कोरडं, पत्र्याची खोली कोरडी, ही खोलीही सकाळी कोरडी," प्रभावती म्हणाल्या. "तिन्हीकडे माइक शहाण्यासारखा वागला. दुपारी इथे पापड वाकतो. वैशाखात, जालन्यात. भिवाच्या पेटीच्या पट्ट्या इथेच फुगून अडकतात, घरी सुटतात. लाकडाला ओल कळली, पापडाला कळली. त्या दोन चकत्यांना कळणार नाही? हवेत दमटपणा भरला की त्यांच्यावरचा भार निसटायला लागतो, आणि तो निसटताना तडतडतो."

"आणि ओल आली कुठून?" शैलाने विचारलं. मग तिने स्वतःच खिडकीकडे बघितलं. माइक भिजलेल्या पडद्यापासून हातभर लांब लटकत होता.

"मालनबाई, तुम्ही खोटं बोलला नाहीत. भिवा आला की आवाज येतो, हे खरंच आहे. भिवा भट्टीतून येणार म्हणून तुम्ही दुपारपासूनच पडद्यावर पाणी मारता. आज तर त्याच्यावर रागावूनसुद्धा मारलंत."

मालनबाईंनी ओल्या पडद्याला हात लावून बघितला.

"सवय हाय," त्या म्हणाल्या. "लेकराचं असं लाल तोंड बघवत न्हाई."

साहेबराव आधी हसला. मग शैला. मग मालनबाईंनाच हसू आवरेना, आणि डोळ्यांना पदर लावत त्या जिना चढल्या.

पुढे.

पत्र्याखाली सगळेच घामाने निथळत होते. पंखा नाही, पडदा नाही. भिवा पेटीमागे बसलेला, मान खाली. साहेबरावाने खूण केली: चालू.

मालनबाई गायल्या नाहीत. माइकजवळ सरकून बोलल्या.

"कुवेतच्या लोकांनो, पेटीवर भिवा हिवराळे हाय. त्याच्यावर मी खोटा आळ घेतल्ता. पहिलं गाणं त्यानं रचलेलं हाय. ते ऐका, मंग माझी."

साहेबरावाचा हात टेप पुसायला पुढे गेला. मालनबाईंनी तो मनगटाला धरून बाजूला केला.

"राहू दे. इतक्या लांब जाऊन राह्यलाच, तर हेबी घेऊन जा."

भिवाने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, भाता ओढला, आणि मालनबाईंच्या गळ्याची पट्टी धरली.