सात नंबरच्या खड्ड्यातलं कातडं

सात नंबरचा खड्डा आम्ही मार्चमध्ये उघडला. ओकच्या सालींच्या थरांत कातडी अठरा महिने निजून होती, आणि मी इथला रसायनतज्ज्ञ, माझ्या मोजमापाप्रमाणे साल त्यांत पुरती मुरली होती. जर्मनीतल्या झीगेनचा हा कातडी कमावायचा कारखाना आणि डोंगरातली लोखंडाची खाण, दोन्हींचे मालक डोर्नझाइफसाहेब. खाणीत उतरणारा प्रत्येक जण ओल्या खडकावर बसायला-घसरायला बुडामागे एक कातडं बांधतो, ते आमच्याकडचं. खड्डा भरताना साहेब एका कातड्यावर आपला शिक्का मारतात. ते त्यांचं.

या वेळी शिक्क्याचं कातडं वर आलं ते वापरलेलं. बसायच्या जागी झिजून चकचकीत, डावीकडे जास्त. साहेबांचा डावा पाय तरुणपणी ढिगाऱ्याखाली चेचला होता. ते बसतात डावीकडे कलून, चालतात लंगडत.

म्हातारा कारागीर उट्श हात पुसत म्हणाला, "मालक, ह्याच्यावर कुणीतरी बसलंय."

"माझी वाट बघून कंटाळलं असेल बिचारं!" साहेब खदखदून हसले. "काय डॉक्टर, तुमचं शास्त्र काय म्हणतं?"

"वरच्या थरांच्या दाबाने झालं असेल," मी ठामपणे म्हणालो. माझी तशी खात्रीच होती.

"ऐकलंस, उट्श? खाणीतला नवा मजला उघडायला मी हेच बांधून उतरणार."

"नका हो मालक. दुसरं देतो."

"तुला बटाट्याच्या रश्शातसुद्धा भूत दिसतं."

कातडं वाळल्यावर, एप्रिलच्या एका सोमवारी सकाळी साहेब अकरा जणांबरोबर उतरले. नव्या मजल्यावरच्या पाण्याचा नमुना मला हवा होता, म्हणून मी खाणीच्या तोंडाशी थांबलो. उतरताना प्रत्येकाने फळीवरचा आपला पितळी बिल्ला काढून नेला. वर आलं की तो परत खिळ्याला लावायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस खाली.

तासाभराने माणसं ने-आण करणारा पाळणा वर आला. बारा जण उतरले. मी मोजले.

अकरा बिल्ले लागले.

"माझा पडला कुठेतरी," साहेब म्हणाले. "दुसरा करून घ्या."

ते ताठ चालत पुढे गेले. त्यांच्या पाठीमागचं कातडं मला दिसलं. शिक्का तोच. पण त्यावर ना झीज होती, ना चकाकी. कुणी कधी बसलंच नव्हतं त्यावर.

तेवढ्यात खालून घंटा वाजली. चार ठोके. माणूस वर घ्या.

पाळण्यावरच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टर, खाली कोण राहिलं?"

"कुणी नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "तो मजला बुजवून टाका. आजच."

पुन्हा चार ठोके. या वेळी सावकाश.

"साहेब," मी म्हणालो, "तुमचा पाय?"

ते थांबले. खाली वाकून त्यांनी आपले दोन्ही पाय पाहिले, आळीपाळीने, कुतूहलाने. मग माझ्याकडे बघून हसले आणि फाटकाकडे निघाले.

आता ते लंगडत होते. उजव्या पायाने.